बांधाखालचं तेल

मोजणीवाले आले आणि शिवारभर खुंट्या ठोकून निघून गेले. वीतभर लांबीच्या, डोक्याला लाल फडकं बांधलेल्या खुंट्या. टेकड्यांच्या पलीकडे माळावर जमिनीला भोक पाडलं होतं आणि त्यातून तेल आणि गॅस निघाला होता, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. काही जण गाडी करून तिथला जाळ बघूनही आले होते. भर दुपारीसुद्धा दिसतो म्हणे. आता तीच माणसं इकडे आली म्हणजे इकडेही काहीतरी आहे, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. प्रश्न एवढाच होता की ते नेमकं कुणाच्या खाली आहे.

उत्तर पिठाच्या गिरणीत मिळालं. दळण होईपर्यंत बसायला तिथे एक बाकडं आहे आणि गावातले बहुतेक शोध त्या बाकड्यावरच लागतात. गिरणीवाला भुवयांपर्यंत पांढरा झालेला असतो, त्यामुळे तो बोलला की उगाच वजन येतं. तो म्हणाला, खुंट्या कुठे कुठे आहेत ते जरा आठवून बघा. लोकांनी आठवून बघितलं. पिकात एकही खुंटी नव्हती. झाडून सगळ्या बांधांवर होत्या. म्हणजे तेल बांधाखाली आहे, यात आता शंका ती काय राहिली?

आता आमच्याकडचे बांध म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याची नजर चुकवून बांध थोडा थोडा कोरायचा, हा इथला वाडवडिलांपासूनचा उद्योग. दोन्ही बाजूंनी कोरून कोरून काही बांध असे झाले होते की शेळीलासुद्धा त्यावरून एकापुढे एक पाय टाकत जावं लागे. गिरणीतल्या त्या बैठकीनंतर मात्र वारं फिरलं. ज्यांनी कोरले तेच घमेली भरभरून माती आणून बांध फुगवू लागले. काल जो बांध कुणालाच नको होता, तो आज दोघांचाही होता. गावातल्या एकुलत्या एका बंगल्याच्या मालकाने, बंगलेवाल्याने, तर आपल्या बांधांना तारेचं कुंपण घालायला काढलं. एकाने शेणखत टाकणं बंद केलं, तेल निघणाऱ्या जमिनीला खत कशाला म्हणून. एका घरात नव्या माडीला रंग कोणता द्यायचा यावरून नवराबायकोचं बोलणं बंद झालं होतं. जुन्या घराला अजून धड दार नव्हतं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

थोरला आणि धाकटा या दोघा भावांमध्येही असा एक बांध होता.

वाटणी झाली तेव्हा विहीर थोरल्याच्या वाट्याला आली आणि वरचा मुरमाड तुकडा धाकट्याच्या. एक दिवस पाणी थोरल्याचं, एक दिवस धाकट्याचं, असं तोंडी ठरलं आणि ते इतकी वर्षं बिनबोभाट चाललं. मधल्या भागात जमीन खोलगट होती, तिथून पाणी वर चढणं शक्य नव्हतं. म्हणून दोघांनी मिळून बांधाच्या माथ्यावरून पाट नेला होता. विहिरीतून निघालेलं पाणी त्या उंच पाटाने बांधावरून चालत जाऊन धाकट्याच्या तुकड्यात उतरायचं. तण काढणं, उंदरांची बिळं बुजवणं ही कामं दोघेही करायचे. बांध कुणाचा, हे कधी कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारून मिळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्या मुरमाड तुकड्यात यंदा कोबी होता. कोबी ही धाकटीची, म्हणजे धाकट्याच्या बायकोची, कल्पना. तिथे आजवर भरड धान्यापलीकडे काही आलं नव्हतं. तिने रोपं टाकली तेव्हा गिरणीच्या बाकड्यावर आठवडाभर करमणूक झाली होती. मुरमात कोबी म्हणजे टकलावर वेणी, असं कुणीतरी म्हणालं आणि ते तिच्या कानापर्यंत आलं.  तिने टोपलीटोपलीने खत वाहिलं, दगड वेचून कडेला रचले, अळ्या हाताने निवडून काढल्या. तिच्या नखांच्या कडा कायमच्या हिरव्या झाल्या. आणि कोबी आला. मोजणीवाले गेले त्या सुमाराला पानं आत वळायला लागली होती आणि मधोमध गड्डा धरत होता. ही वेळ पाण्याची. आता पाणी मिळालं तर गड्डा घट्ट होतो, नाही मिळालं तर पोकळ राहतो किंवा फुटतो. पुढच्या वर्षी या तुकड्यात काय लावायचं हे कोण ठरवणार, ते या गड्ड्यांवर ठरणार होतं. तिला ते नीट माहीत होतं.

त्यांच्या बांधावर, पाटाच्या अगदी काठाला, एक लाल खुंटी होती.

थोरला एका सकाळी आला तो अंगणातल्या खाटेवर न बसता उभाच राहिला. इकडचं तिकडचं बोलला, वाऱ्याचं बोलला, बैलाच्या खुराचं बोलला. मग म्हणाला, "बांधाचं एकदा काय ते बोलून टाकलेलं बरं."

"कुठल्या बांधाचं?" धाकट्याने विचारलं. तो कोयत्याला धार लावत होता.

"आपल्या. म्हणजे माझ्या. वाटणीच्या वेळी तो माझ्यात धरला होता, तुला आठवत असेल."

धाकट्याला तसलं काही आठवत नव्हतं. त्याने कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "असेल. घे की दादा. तुझाच बांध."

"चार माणसांत सांगशील?"

"गिरणीत येऊन सांगतो. ओरडून सांगतो. पाट तेवढा राहू दे म्हणजे झालं."

थोरला घरी गेला आणि तिथेच घोटाळा झाला. तो तासभर भांडायच्या तयारीने आला होता. मनात मुद्दे जुळवून ठेवले होते, आणि धाकट्याने एकही वापरू दिला नव्हता. जेवताना तो बायकोला म्हणाला, एवढ्या सहज कुणी काही देतं का? यात काहीतरी पाणी मुरतंय. बायको म्हणाली, तुमचा भाऊ लहानपणापासून तसाच आहे, हातातला घाससुद्धा द्यायचा. पण थोरल्याच्या डोक्यात आता पाट शिरला होता. पाट राहू दे म्हणाला. का म्हणाला? गिरणीत त्याला उत्तर तयारच मिळालं. गिरणीवाला म्हणाला, वहिवाट. ज्याचा पाट त्याची वहिवाट, आणि ज्याची वहिवाट त्याचा बांध. भाऊ भोळा दिसतो, पण आहे पोचलेला.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने बांध फुगवायला घेतला. दोन्ही बाजूंनी माती ओढून वर टाकली आणि पाट त्याखाली गेला.

धाकटीने ते वरच्या तुकड्यातून पाहिलं आणि ओरडत खाली आली. पाणी का अडवलं म्हणून नवऱ्याने भावाला विचारावं, असं तिचं म्हणणं. धाकट्याने विचारलं. थोरला फावड्यावर रेलून म्हणाला, "पाणी कुठे अडवलं? विहीर तिथे आहे, तुझा दिवस तुझा आहे. पाट फक्त दुसरीकडून ने."

"दुसरीकडून चढ आहे दादा. तूच तर मोजला होतास तेव्हा."

"मग चढ काय मी केलाय?"

 धाकटा घरी आला आणि माळ्यावरची कावड काढून धुवायला बसला.

बंगलेवाला त्याच संध्याकाळी आला. तो म्हणाला, अर्धा बांध कायद्याने तुझा आहे, तू दावा लाव, मी पाठीशी उभा राहतो. धाकटा म्हणाला, "तेल घेऊन मी काय कोबीला घालू? मला पाणी पाहिजे." बंगलेवाला हसत गेला आणि धाकटी पेटली. तिला वाटत होतं, लावावा दावा. भाऊ निदान बोलायला तरी येईल. "तुमच्या चांगुलपणावर कोबी येत नाही," ती म्हणाली. हे खरंच होतं, म्हणून धाकट्याला ते लागलं. पण भांडायला माणसाला भांडणाची हौस असावी लागते, ती त्याच्याकडे उपजतच नव्हती.

मग पाणी खांद्यावरून वाहायला सुरुवात झाली. आपल्या पाळीच्या दिवशी दोघं उजाडताच विहिरीवर जायची. तो कावडीला दोन डबे लावून, ती डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी घेऊन. खोलगट भागातून खाली उतरायचं आणि पलीकडचा चढ चढायचा. त्या चढाला पाय घसरायचे, कारण सांडलेल्या पाण्याने तिथे चिखल झाला होता. वर गेल्यावर वाकून एकेका रोपाच्या बुडाशी तांब्याने पाणी घालायचं. मुरूम ते पाणी असा पिऊन टाकायचा की घातलं होतं की नाही, अशी शंका यावी. दुपारपर्यंत अर्धा तुकडाही व्हायचा नाही. धाकट्याच्या खांद्याला आधी लाल वळ आला, मग सालटं निघालं. त्याने जुन्या गोधडीचा तुकडा घडी करून खांद्यावर ठेवला. तिची मान संध्याकाळी डावीकडे वळायची नाही. ती उजवीकडे वळून बोलायची. नवरा मुद्दाम डावीकडे बसायचा, म्हणजे कमी ऐकावं लागेल, असं म्हणायचा. ती त्याला कोपराने ढोसायची, पण हसायचीही.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत ती दोघं दुःखी नव्हती. राग होता, थकवा होता, पण सकाळी गार वाऱ्यात, कावडीच्या करकरीबरोबर, काहीतरी बोलत ती चढ चढायची तेव्हा बघणाऱ्याला वाटलं असतं की यांचं बरं चाललंय. शिळी भाकरी आणि कांदा बांधावर न बसता कोबीतच बसून खायची. बांधावर पाय ठेवायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

बाकड्यावरून मात्र बोलणी यायची. कोबीला न्हाऊ घालून झालं का? आता पावडर लावा. धाकटा दळण घेऊन उभा असला की कुणीतरी त्याचा खांदा बघायला मागायचा. तो दाखवायचाही. धाकटीला हे कळलं तेव्हा तिने दळण न्यायचं काम स्वतःकडे घेतलं. तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

थोरलीचं, म्हणजे मोठ्या जावेचं, वागणं वेगळंच होतं. तिने नवऱ्याशी भांडण केलं नाही, तोंडही फुगवलं नाही. ती फक्त धाकट्याच्या पाळीच्या दिवशी आधीच विहिरीवर येऊन मोटर चालू करायची आणि काठावरचं मोठं पिंप भरून ठेवायची, म्हणजे यांचा पाणी भरायचा वेळ वाचे. नवऱ्याने विचारलं तर म्हणायची, धुणं आहे. इतकं धुणं त्या घरात लग्नकार्यातही निघालं नव्हतं. एकदा तिने भाजी नुसती उकडून ताटात वाढली. थोरल्याने फोडणी कुठे म्हणून विचारलं.

"तेल संपलंय," ती म्हणाली. "बांधाखालून वाटीभर काढून आणा ना, मग देते फोडणी."

थोरला उकडलेली भाजी तशीच जेवला. तिसऱ्या दिवशीही तीच भाजी होती. त्याच्या चेहऱ्यावर सुतकी कळा आली, पण माती काही त्याने हलवली नाही. माणूस वाईट नव्हता. गिरणीत एकदा मोठ्याने बोलून बसला होता आणि मागे फिरायला त्याला वाट सापडत नव्हती.

कोबीची बाहेरची पानं दुपारी मलूल पडू लागली. सकाळी परत उभी राहत, पण दर दिवशी थोडी कमी. धाकटी गड्डे दाबून बघायची. काही घट्ट होते, काही अंगठ्याखाली दबत होते. एका ओळीतले तीन गड्डे उकललेले निघाले तेव्हा ती तिथेच खाली बसली आणि रडली. धाकट्याने तांब्या खाली ठेवला. मग त्याने ते तीन गड्डे उपटले आणि म्हणाला, आज रात्री भाजीला झाले. तिला रडता रडता चीड आली आणि चीड आल्यावर ती उठली.

त्याच आठवड्यात मोजणीवाले परत आले. ट्रक, तारांची भेंडोळी आणि त्यांची मुकादम, डोक्यावर कडक पिवळी टोपी घातलेली एक बाई. सगळे जमीनमालक आपापल्या बांधावर पाहुणे मुलगी बघायला आल्यावर मुलीचा बाप उभा राहतो तसे उभे होते. बाई पहिल्या बांधावर चढली आणि तिचा पाय घोट्यापर्यंत भुसभुशीत मातीत गेला. दुसऱ्यावर तेच. थोरल्याच्या बांधावर ती आली तेव्हा बुटातली माती झटकत खालीच बसली. तिने विचारलं, हे सगळे बांध कुणी आणि कशाला उकरले? 

धाकटा कावड घेऊन तिथूनच चालला होता. तोच म्हणाला, "तेल बांधाखाली आहे ना बाई, म्हणून."

बाईने त्याच्याकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं. ती चिडलेली नव्हती, भुकेलेली आणि दमलेली होती. ती म्हणाली, "तेल आहे की नाही ते आम्हालाच अजून माहीत नाही. असलंच तर इतकं खोल आहे की त्याला बांध काय आणि शेत काय. तुमचं पीक तुडवलं जाऊ नये म्हणून आम्ही बांधावर खुंट्या ठोकल्या." मग ती थोरल्याकडे वळली. "तुम्हीच ना ते? पहिल्या दिवशी काठी घेऊन उभे होता. पिकात एक पाय टाकाल तर तंगडं मोडीन म्हणालात. त्यानंतर मी पोरांना सांगितलं, सगळीकडे बांधावरूनच चला."

थोरल्याला ते आठवलं. त्याचे कान लाल झाले, हे धाकट्याने पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. बाईने पुढे सांगितलं की यंत्राच्या खुंट्यांना घट्ट जमीन लागते, या मऊ मातीत त्यांचा उपयोग नाही. आता खुंट्यांची सगळी रांग सडकेच्या कडेने जाईल. तिने माणसांना हाक मारली, लाल खुंट्या उपटून पोत्यात भरल्या आणि ट्रक निघाला.

गिरणीच्या बाकड्याने यातलं काहीही मानलं नाही. ती बाई खरं सांगेल का, असं गिरणीवाल्याचं म्हणणं पडलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलं होतं की तेल सडकेखाली आहे, आणि सडकेला लागून कुणाची किती जमीन आहे ते पावलांनी मोजणं सुरू झालं. ज्याच्या माडीला रंग ठरत नव्हता त्याची जमीन सडकेपासून लांब होती, त्यामुळे त्या घरात नवराबायको परत बोलू लागली. लोकांचं बरं चाललं होतं.

थोरला त्या दिवशी गिरणीत गेला नाही.

सकाळी धाकटा आणि धाकटी विहिरीवर आली तेव्हा पाळी त्यांची नव्हतीच. ती फक्त पिंपात उरलेलं पाणी न्यायला आली होती. थोरला बांधावर होता. त्याने विहिरीच्या बाजूने माती काढायला सुरुवात केली होती आणि बराच पाट मोकळा केला होता. सदरा काढून ठेवला होता, पाठ घामाने चमकत होती. माती टाकताना सोपी गेली होती, पण वरची भुसभुशीत असली तरी पाटातली ओलीने बसून घट्ट झाली होती, ती काढताना त्याला टिकाव घ्यावा लागत होता. त्याने वर पाहिलं नाही. धाकट्याने कावड भिंतीला टेकवली, फावडं घेतलं आणि आपल्या बाजूच्या टोकाला जाऊन खणायला लागला. दोघं एकमेकांच्या दिशेने सरकत राहिले. बोलणं झालं ते एवढंच की इथे मोठा दगड आहे, जपून.

उन्हं चढली तेव्हा पाट मोकळा झाला. थोरली तयारच होती, तिने मोटर चालू केली. पाणी आधी गढूळ, काड्या आणि मुंग्या घेऊन, चाचपडत आलं. मग साफ झालं. बांधावरून चालत गेलं आणि वरच्या तुकड्यात उतरलं.

धाकटी पहिल्या सरीच्या तोंडाशी उभी होती. पाणी पायाला लागलं तेव्हा तिने बोटं आत घेतली, इतकं ते गार होतं.  आता उरलेले गड्डे भरतील. सगळे नाही, पण पुष्कळ. तेवढ्यात फावडं खांद्यावर टाकून थोरला पाटाच्या कडेने वर आला आणि जरा लांबच थांबला. त्याला बहुतेक आपण आलोय हे तिला दिसावं आणि दिसूही नये असं वाटत होतं.

ती आजवर त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती. आता ती वळली, मान दुखत होती म्हणून अख्खी वळली, आणि म्हणाली, "पाणी आलं म्हणून माझा राग गेलेला नाही दादा."

"नसेलच," थोरला म्हणाला.

"आणि उद्या खरंच तेल निघालं तर? याच बांधाखाली निघालं तर?"

थोरल्याने विचार केला. त्याला खोटं बोलता आलं असतं आणि त्या क्षणी ते तिला चाललंही असतं. त्याने फावडं खांद्यावरून खाली घेतलं.

"तर मी भांडेन," तो म्हणाला. "माझा स्वभावच तसा आहे. बांधासाठी भांडेन, कज्जा करीन, वर्षभर बोलणार नाही. पण पाणी नाही अडवणार. आणि पाटही."

धाकटीने ते मनात फिरवून पाहिलं. माणूस देईल एवढंच कबूल करतो, तेव्हा त्यावर विसंबता येतं. तिला ते पुरेसं वाटलं. पलीकडे पहिली सरी भरून पाणी वरंब्यावरून वाहायला लागलं होतं आणि धाकटा खाली पाटाचा फुटलेला काठ बुजवत होता.

"मग उभे काय राहिलात," ती म्हणाली. "दुसरं दार फोडा. तिकडे पाणी वाया चाललंय."

"हो, हो," म्हणत थोरला कोबीत उतरला. आज पाळी त्याची होती आणि त्याचा भुईमूग खाली सुकत होता. त्याने पहिल्या सरीचं तोंड मातीने बंद केलं, दुसरीचं उघडलं आणि पाणी शेवटच्या रोपापर्यंत पोचेस्तोवर तिथेच उभा राहिला. मग तिने सांगितलं तसं तिसरीचं दार धरलं.